फ्लॅटबेडवर लीज-पर्चेस: सही करण्याआधी काय, नंतर काय आणि कोणत्या क्रमाने

अमेरिकेत ट्रक चालवणारे आपले लोक लीज-पर्चेसचा, म्हणजे ट्रक भाड्याने घेऊन शेवटी विकत घेण्याचा, निर्णय बहुतेक वेळा उलट्या क्रमाने घेतात. आधी ट्रक डोळ्यांत भरतो, मग सही होते आणि पहिलं सेटलमेंट (आठवड्याच्या जमा-कपातीचा कागद) हातात आल्यावर हिशेबाला सुरुवात होते. फ्लॅटबेडमध्ये, म्हणजे भिंती-छत नसलेल्या सपाट ट्रेलरच्या कामात, हा उलटा क्रम जास्त महागात पडतो, कारण इथे माल बांधण्याची, ताडपत्री टाकण्याची आणि वजन बसवण्याची जबाबदारीही चालकाच्याच गळ्यात असते. खाली सगळं अमेरिकेतल्या आंतरराज्य मालवाहतुकीबद्दल आहे. कॅनडाचे नियम वेगळे आहेत.

पुढचं वाचण्याआधी व्यवहाराची रचना नीट लक्षात घ्या. कंपनी किंवा तिची लीजिंग शाखा ट्रक तुम्हाला भाड्याने देते आणि मुदत संपल्यावर तो विकत घेण्याची सोय ठेवते. हा एक करार. तोच ट्रक चालकासह तुम्ही कंपनीच्या परवान्याखाली लावता. हा दुसरा करार. म्हणजे हप्ता वसूल करणारा आणि लोड देणारा एकच असतो. लोड कमी झाले म्हणून हप्ता कमी होत नाही. याच कारणांमुळे फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनच्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने जानेवारी २०२५ मध्ये असे कार्यक्रम बंद करावेत अशी शिफारस केली. माझं मत स्पष्ट आहे: बँकेकडून किंवा क्रेडिट युनियनकडून ट्रकसाठी कर्ज मिळत असेल, व्याज थोडं जास्त असलं तरी, आधी तो रस्ता बघा. तो बंद असेल आणि लीज-पर्चेसच करायचं असेल, तर पुढच्या क्रमाने करा.

## टप्पा १: आधी पगारावर फ्लॅटबेड चालवा

क्लास ए सीडीएल (जड ट्रकचा व्यावसायिक परवाना) हातात आलं की लगेच लीज-पर्चेसच्या जाहिराती दिसू लागतात. तिकडे वळू नका. किमान एक हिवाळा आणि एक उन्हाळा कंपनीचा पगारी चालक म्हणून फ्लॅटबेडवर काढा. ताडपत्री फाटली, साखळी कमी पडली, लोड नाकारला गेला, या सगळ्याचं शिक्षण कंपनीच्या खर्चाने व्हायला हवं. लीजवर असताना तीच चूक तुमच्या खिशातून जाते.

दोन गोष्टी इथेच तपासा. एक, काम करण्याचा अधिकार. एच-वन-बी, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी स्वतंत्र कंत्राटदार म्हणून हा व्यवसाय करता येईल असं कुणाच्या सांगण्यावरून गृहीत धरू नये. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय कुठेही सही नको. दोन, इंग्रजी. २५ जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजीत संवाद जमला नाही किंवा रस्त्यावरच्या पाट्या वाचता आल्या नाहीत, तर चालकाला जागेवरच सेवेबाहेर काढलं जातं. पगारी चालकाचा तेव्हा दिवस बुडतो. लीजवाल्याचा दिवस बुडतो आणि हप्ताही चालूच राहतो.

तपासून बघा: मदत न घेता स्टीलची कॉइल (पत्र्याची गुंडाळी) आणि लाकडाचे गठ्ठे दोन्ही बांधता येतात का? वाऱ्यात ताडपत्री टाकता येते का? उत्तर नाही असेल तर टप्पा २ कडे जायची वेळ अजून आलेली नाही.

## टप्पा २: ट्रक बघण्याआधी आठवड्याचा हिशेब मांडा

भरती करणारा माणूस तुम्हाला आठवड्याची एकूण मिळकत सांगेल. तुम्ही त्याच्याकडे त्या कंपनीत लीजवर असलेल्या दोन-तीन चालकांची, नावं झाकलेली, खरी सेटलमेंटं मागा. चांगल्या आठवड्याचं एक नको, सलग काही आठवड्यांची हवीत. ती देत नसेल तर विषय तिथेच संपवा.

समजण्यासाठी एक काल्पनिक आठवडा घेऊ. एकूण २,५०० मैल, त्यातले २,०५० माल भरलेले आणि ४५० रिकामे. भाडं भरलेल्या मैलाला २.२० डॉलर, म्हणजे ४,५१० डॉलर. त्यातला तुमचा वाटा ७० टक्के धरला तर ३,१५७. इंधन अधिभार भरलेल्या मैलाला ४० सेंटप्रमाणे ८२०. दोनदा ताडपत्री टाकल्याचे १५०. एकूण जमा ४,१२७ डॉलर.

आता कपात. ट्रकचा हप्ता ८५०, ट्रेलरचं भाडं २००, विमे १८०, नंबर प्लेट, परमिट आणि ईएलडी (ड्यूटीचे तास नोंदवणारं यंत्र) मिळून ७५, अनामत एस्क्रो (कंपनीने राखून ठेवलेली तुमची रक्कम) १००. हे १,४०५ डॉलर स्थिर आहेत. गाडी दुकानात उभी असली, तुम्ही तापाने फणफणत असलात, आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेला असलात, तरी ते कापले जातात. त्यावर मैलांप्रमाणे बदलणारा खर्च: ६.५ मैल प्रतिगॅलनने सुमारे ३८५ गॅलन डिझेल, ३.७० डॉलर दराने १,४२३. देखभाल एस्क्रो मैलाला १२ सेंटप्रमाणे ३००. टोल आणि वजनकाटे १००.

४,१२७ वजा १,४०५ वजा १,८२३. उरतात ८९९ डॉलर. आयकर यातूनच द्यायचा आहे.

या हिशेबातला सगळ्यांत उपयोगी आकडा वेगळाच आहे. प्रत्येक मैलामागे जमा सुमारे १.६५ आणि बदलता खर्च सुमारे ७३ सेंट, म्हणजे हातात ९२ सेंट. स्थिर खर्च १,४०५ भागिले ०.९२ केलं की सुमारे १,५२५ मैल येतात. आठवड्याचे पहिले सव्वापंधराशे मैल तुम्ही कंपनीसाठी चालवता. तुमच्या घरासाठीचा मैल त्यानंतर सुरू होतो. कुठलाही करार समोर आला की आधी हा आकडा काढा. फ्लॅटबेडमध्ये लोडिंगच्या रांगेत अर्धा दिवस जातो, पावसात प्लांट बंद राहतो, हिवाळ्यात बांधकामाचा माल आटतो. सलग तीन आठवडे १,५२५ च्या खाली गेले तर काय, याचं उत्तर कागदावर असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नेहमीची चूक: रिकामे मैल न मोजणं. डिझेल रिकाम्या मैलालाही लागतं आणि देखभालीची कपातही बहुतेक ठिकाणी एकूण मैलांवर होते.

## टप्पा ३: दोन्ही करार घरी आणून वाचा

ओरिएंटेशनच्या दिवशी, हॉटेलच्या खोलीत, बाकीचे पंधरा जण सह्या करत असताना करार वाचला जात नाही. आधी प्रत मागा. ट्रकच्या व्यवहारातला वकील एक-दोन तासांची फी घेईल. ती फी एका आठवड्याच्या हप्त्याच्या आसपास असली तरी द्या.

तुम्ही कंपनीला ट्रक लावता त्या कराराला संघीय नियमावलीच्या ४९व्या शीर्षकातला भाग ३७६ लागू होतो. त्याला ट्रुथ-इन-लीजिंग नियम म्हणतात. त्यातून मिळणारे हक्क पाठ असू द्या:

- डिलिव्हरीची कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत.
- मोबदला टक्केवारीवर असेल तर भाड्याचा मूळ आकडा दाखवणारं फ्रेट बिल सेटलमेंटच्या वेळी किंवा आधी तुम्हाला मिळालं पाहिजे.
- कपातीची प्रत्येक बाब आणि ती कशी मोजली जाईल हे करारात लिहिलेलं हवं.
- विमा कंपनीमार्फत घेतला असेल तर मागितल्यावर पॉलिसीची प्रत मिळते.
- एस्क्रोवर किमान दर तिमाहीला व्याज, आणि करार संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत हिशेबासह परतफेड.

पण हे सगळं दुसऱ्या कराराचं संरक्षण आहे. ट्रक तुम्हाला देणारा पहिला करार याच छत्राखाली येतो असं समजू नका. म्हणून तो जास्त बारकाईने वाचायचा. त्यात पेन घेऊन या प्रश्नांची उत्तरं शोधा आणि सापडलेल्या कलमाचा क्रमांक शेजारी लिहा. सगळे हप्ते भरल्यावर टायटल (मालकीचा कागद) आपोआप नावावर होतं की शेवटी मोठी रक्कम भरावी लागते? किती हप्ते चुकले की करार मोडतो? मोडल्यावर उरलेले सगळे हप्ते एकदम मागितले जातात का? दुसऱ्या कॅरियरकडे (वाहतूक कंपनीकडे) गेलो तर ट्रक बरोबर नेता येतो का? लोड नाकारता येतो का, आणि नाकारला तर काय? ट्रक दुकानात असताना हप्ता थांबतो का? देखभाल एस्क्रोतले उरलेले पैसे करार सोडताना कुणाचे?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मैलाला १२ सेंटने वर्षाला सव्वा लाख मैल चालवले तर १५,००० डॉलर जमतात. 'परत न मिळणारी देखभाल निधी रक्कम' अशा चार शब्दांत ते हातचे जाऊ शकतात.

सावध: 'क्रेडिट तपासणार नाही' ही सोय वाटते. पण असा व्यवहार क्रेडिट ब्युरोकडे कळवला जात नसेल, तर तीन वर्षं नियमित हप्ते भरूनही पुढच्या कर्जासाठी तुमच्या नावावर काहीच जमा होत नाही. विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

सावध: तोंडी आश्वासन करारात नसेल तर ते नाही असंच धरा. 'आपला माणूस आहे, शब्द दिलाय' यालाही हेच लागू.

## टप्पा ४: ट्रक बाहेरच्या मेकॅनिककडून तपासून घ्या

लीज-पर्चेसमधले बरेच ट्रक आधी कुणीतरी परत केलेले असतात. व्हीआयएनवरून (ट्रकच्या ओळख क्रमांकावरून) तो ट्रक याआधी किती जणांनी लीजवर घेतला होता हे कंपनीला थेट विचारा.

कंपनीच्या वर्कशॉपशी संबंध नसलेला मेकॅनिक लावा. इंजिनच्या संगणकातली नोंद, तेलाच्या नमुन्याची चाचणी, डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) आणि उत्सर्जन यंत्रणेची आधीची दुरुस्ती, फ्रेमला तडे, फिफ्थ व्हीलची (ट्रेलर जोडायच्या तबकडीची) झीज. पुढच्या टायरची नक्षी कायद्याने किमान ४/३२ इंच आणि बाकीच्यांची २/३२ इंच हवी. पण किमानवर आलेले टायर घेऊन ट्रक ताब्यात घेतला तर पहिल्याच महिन्यात नव्या टायरचा भुर्दंड बसतो. वॉरंटी कुणाची, किती मैलांची आणि कोणते भाग तिच्यात नाहीत, हे कागदावर घ्या.

फ्लॅटबेडसाठी एक जास्तीचा प्रश्न: ट्रक, ट्रेलर, साखळ्या, ताडपत्र्या आणि भरलेल्या टाक्या धरून रिकामं वजन किती? संघीय मर्यादा एकूण ८०,००० पौंड. रिकामं वजन ३६,००० असेल तर ४६,००० पौंडांची कॉइल तुम्हाला घेताच येणार नाही आणि चांगले लोड दुसऱ्याकडे जातील. रिकामी गाडी काट्यावर चढवून पावती बघा; कुणी सांगितलेला आकडा नको.

तपासून बघा: ताबा घेताना सगळ्या बाजूंनी फोटो, मायलेजचा फोटो, आधीच्या ओरखड्यांची यादी आणि त्यावर दोघांच्या सह्या.

## टप्पा ५: साहित्य आणि राखीव पैसे

४ इंची पट्टे, ३/८ इंची ग्रेड ७० साखळ्या, बाइंडर (साखळी ताणून घट्ट करायचं साधन), कडांखाली घालायचे संरक्षक, कॉइल रॅक, ४×४ चे ओंडके, लाकडाच्या आणि स्टीलच्या ताडपत्र्या, बंजी. यातलं काय कंपनी देते, काय भाड्याने आणि काय तुम्हाला विकत घ्यायचं, याची यादी करून घ्या. लिव्हर बाइंडरपेक्षा रॅचेट बाइंडर घ्या. लिव्हर सुटून उलटा बसला तर दात आणि जबडा जातो.

राखीव रक्कम म्हणून किमान आठ आठवड्यांचा स्थिर खर्च बाजूला हवा. वरच्या उदाहरणात तो ११,२४० डॉलर होतो. इतके पैसे नसतील तर आणखी काही महिने पगारावर काम करा. करार तुमच्यासाठी थांबणार नाही असं भरतीवाला सांगेल. असे करार दर आठवड्याला निघतात.

## टप्पा ६: लोड घेण्यापासून रस्त्यावर येईपर्यंतचा क्रम

हा क्रम चुकला की दंड, परत फिरलेला माल किंवा त्याहून वाईट काही.

१. होकार देण्याआधी. वजन, लांबी-रुंदी-उंची, ताडपत्री लागते का, ताडपत्रीचे पैसे किती, पुढचा लोड कुठून मिळेल. रुंदी साडेआठ फुटांपेक्षा जास्त असेल तर परमिट लागतं. ते कोण काढणार हे आधीच ठरवा.

२. फोर्कलिफ्ट किंवा क्रेन येण्याआधी माल कुठे बसवायचा हे ठरवा. टँडम एक्सलवर (जवळजवळ बसवलेल्या दोन एक्सलवर) ३४,००० पौंडांची मर्यादा असते. मागचे दोन एक्सल दहा फुटांवर असलेल्या स्प्रेड-एक्सल ट्रेलरला बहुतेक ठिकाणी ४०,००० चालतात. हवेच्या सस्पेन्शनला लोड गेज असेल तर माल ठेवल्याबरोबर, पट्टा टाकण्याआधी, आकडा बघा. क्रेन तिथे असेपर्यंत कॉइल फूटभर मागे सरकवून मिळते. गेटबाहेर पडल्यावर कुणी ऐकत नाही.

३. बांधणी. सगळ्या बांधणीसाहित्याची मिळून सुरक्षित कार्यमर्यादा (सुरक्षितपणे पेलता येणारा भार) मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. ४४,००० पौंडांच्या कॉइलला २२,००० पौंड. ३/८ इंची ग्रेड ७० साखळीची मर्यादा ६,६०० पौंड, म्हणून हिशेबाने किमान चार. पण इथेच बरेच जण फसतात. ट्रेलरच्या एका बाजूने मालावरून किंवा मालातून जाऊन दुसऱ्या बाजूला अडकवलेली साखळी पूर्ण धरतात. तीच साखळी फिरून त्याच बाजूला परत अडकवली किंवा थेट मालाच्या हुकाला लावली, तर निम्मीच धरतात. चार साखळ्या मोजून निघालेला चालक निरीक्षकाच्या हिशेबात दोनवर येतो. शिवाय साखळीवर ग्रेडचा ठसा नसेल तर ती सगळ्यांत हलक्या प्रतीची समजतात. ३/८ इंचीला मग फक्त २,६५० पौंड. बाइंडरची मर्यादा साखळीपेक्षा कमी असेल तर बाइंडरचीच धरली जाते.

मालाच्या लांबीचाही नियम आहे. पुढे सरकू नये म्हणून पुढून टेका न दिलेल्या वीस फुटी बंडलला पहिल्या दहा फुटांसाठी दोन आणि पुढच्या दहासाठी एक, म्हणजे तीन बांधण्या लागतात, वजन कितीही कमी असलं तरी.

आडव्या ठेवलेल्या कॉइलचा पाळणा ओंडक्यांचा असेल तर कॉइल ट्रेलरच्या फळीला टेकता कामा नये, आणि ओंडके फक्त खिळ्यांनी ठोकून भागवता येत नाही. अलाबामात कॉइल भरायची असेल तर त्या राज्याचं कॉइल बांधणीचं प्रमाणपत्र लागतं का ते आधी विचारा.

४. ताडपत्रीआधी फोटो. प्रत्येक साखळी, प्रत्येक बाइंडर, प्रत्येक कडेचा संरक्षक. पुढे मालाच्या नुकसानीचा दावा आला तर हेच फोटो कामाला येतात.

५. ताडपत्री. मागची आधी, पुढची नंतर, पुढच्या ताडपत्रीची कड मागच्या ताडपत्रीवर. उलट केलं तर हवा फटीत शिरते आणि साठ मैलांच्या वेगात ताडपत्री फुग्यासारखी होऊन फाटते. कोपऱ्याची घडी मागे तोंड करून घाला. लाकडाची ताडपत्री शंभर पौंडांच्या वर भरते. ती फोर्कलिफ्टने वर ठेवून मागा, खांद्यावरून शिडीने नेऊ नका. वारा जोरात असेल तर थांबा. मालावरून पडून कंबर मोडलेल्या चालकाला कर्मचाऱ्यासारखी नुकसानभरपाई मिळत नाही. त्याच्याकडे त्याने घेतलेला अपघात विमाच असतो.

६. काटा आणि पहिली थांबणी. जवळच्या प्रमाणित वजनकाट्यावर जा. मग पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून सगळी बांधणी पुन्हा तपासा. त्यानंतर दर १५० मैल, तीन तास किंवा ड्यूटी बदलताना, यांतलं जे आधी येईल तेव्हा. लाकूड बसतं, साखळी सैल होते. ही थांबणी टाळू नका.

सावध: बांधणीत आणि ताडपत्रीत गेलेला वेळ ड्यूटीत मोजला जातो. ड्यूटी सुरू झाल्यापासूनचं १४ तासांचं घड्याळ चालूच असतं, त्यातले चालवण्याचे तास ११ च असले तरी. ईएलडीवर तो वेळ विश्रांती म्हणून दाखवा असं डिस्पॅचरने (कंपनीतल्या लोड नेमून देणाऱ्याने) सुचवलं तर नकार लेखी मेसेजने द्या.

## टप्पा ७: दर आठवड्याला सेटलमेंट ताळून बघा

बँकेत जमा झालेली रक्कम बघून समाधान मानू नका. स्वतःच्या वहीत लोड क्रमांक, मैल, ठरलेलं भाडं, ताडपत्रीचे पैसे, थांबून राहिल्याचे पैसे आणि डिझेलच्या पावत्या लिहा. मग फ्रेट बिलाशी एकेक ओळ लावा. ताडपत्रीचे आणि थांबून राहिल्याचे पैसे सगळ्यांत जास्त वेळा गळतात. करारात नसलेली कपात दिसली तर फोनवर भांडू नका. कलमाचा क्रमांक घालून त्याच आठवड्यात ईमेल करा. तीन महिन्यांनी लक्षात आलेली कपात परत मिळवणं फार कठीण जातं.

एस्क्रोची शिल्लकही दर आठवड्याला लिहा, अनामत आणि देखभाल या दोन्ही खात्यांची वेगळी.

## टप्पा ८: कर

तुम्ही कर्मचारी नसता, त्यामुळे कर कुणी कापून ठेवत नाही. स्वयंरोजगार कर १५.३ टक्के आणि आयकर वेगळा; तिमाही हप्ते साधारण १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला. हातात उरणाऱ्या रकमेचा एक हिस्सा दर आठवड्याला वेगळ्या खात्यात टाका. ७५,००० पौंडांवरच्या ट्रकला वर्षाला ५५० डॉलर अवजड वाहन वापर कर असतो. तो कोण भरतो ते करारात बघा. शेवटी नाममात्र किमतीला ट्रक मिळणार असेल तर कराच्या दृष्टीने ते भाडं न ठरता खरेदी ठरू शकते आणि हिशेब बदलतो, म्हणून पहिल्याच वर्षी ट्रकवाल्यांचं काम करणारा सीपीए (सनदी लेखापाल) गाठा.

## टप्पा ९: करार संपवणं, पूर्ण करून किंवा मध्येच

पूर्ण करत असाल तर शेवटच्या हप्त्याच्या महिनाभर आधी लेखी विचारा: उरलेली रक्कम किती, टायटल किती दिवसांत, त्यावर कुणा बँकेचा बोजा आहे का. बोजा उतरल्याचा कागद आणि टायटल हातात आल्याशिवाय ट्रकवर नवा मोठा खर्च करू नका.

मध्येच सोडायचं असेल तर रागाच्या भरात ट्रक दूरच्या टर्मिनलवर किंवा ट्रक स्टॉपवर सोडून येऊ नका. तो परित्याग ठरतो, ओढून आणण्याचा खर्च तुमच्या नावावर चढतो आणि पुढच्या नोकरीच्या चौकशीत तेच पुढे येतं. करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी सूचना द्या. अंगावरचा लोड पोचवा. ठरलेल्या जागी गाडी धुऊन द्या, ताबा घेताना काढले होते त्याच कोनांतून फोटो काढा, मायलेज लिहा, कंपनीचे फलक आणि ईएलडी परत केल्याची सहीची पावती घ्या. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या साखळ्या आणि ताडपत्र्या खरेदीच्या पावत्यांसह उतरवून घ्या. त्या दिवसापासून ४५ दिवस कॅलेंडरवर मोजा. तोवर एस्क्रोचा अंतिम हिशेब आला नाही तर रजिस्टर्ड पत्र पाठवा आणि त्याची प्रत वकिलाकडे द्या.